पेजेवर ठेवलेला पाय

खूप वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते मला ज्यांनी सांगितली त्यांनाही आठवत नव्हतं, तेव्हा मी उगाच आकडा सांगत नाही. एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खारं पाणी आणि मधे भाताची शेतं. शेतं आणि पाणी यांच्यामध्ये कोसभर लांबीचा एक मातीचा बांध होता.

तो बांध होता म्हणून गाव होतं. खारं पाणी एकदा का शेतात शिरलं, की पुढची तीन वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उगवत नाही. तीन वर्षं भातावाचून काढायची म्हणजे काय, हे गावातल्या म्हाताऱ्यांनी एकदा पाहिलं होतं आणि पुन्हा पाहायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून बांध राखायला गावानं एक माणूस नेमलेलं होतं.

ते माणूस म्हणजे एक बाई. तिचं नाव काय होतं कोण जाणे, सारा गाव तिला आत्या म्हणे. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती भावाच्या घरी राहत होती आणि भरतीच्या वेळी हातात वेताची काठी घेऊन बांधावरून अनवाणी चालत होती. अनवाणी अशासाठी, की आत्या बांध डोळ्यांनी बघत नसे, तळव्यांनी बघत असे. बांधाच्या पोटात खेकड्यानं बीळ केलं आणि त्यातून पाणी झिरपू लागलं, तर वरची माती ठणठणीत दिसते, पण तळव्याला आतला गारवा कळतो. आत्या तिथेच थांबायची, काठी रोवायची आणि म्हणायची, "इथं." माणसं खणायची आणि तिथंच भोक निघायचं. तीस वर्षांत तिचं "इथं" एकदाही चुकलं नव्हतं.

पण तीस वर्षं चिखलात आणि खाऱ्या पाण्यात उभं राहणं पायांना मानवत नाही. आत्याच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या होत्या आणि संध्याकाळी घोटे सुजत होते. एका भाद्रपदात तिच्या डाव्या घोट्याच्या वर कालवाची शिंपली लागली. जखम चिंचोक्याएवढी. दुसरं कुणी असतं तर आठ दिवसांत विसरलं असतं. आत्याला मात्र ताप भरला, आणि पलीकडच्या काठावरून होडीनं वैद्यांना आणावं लागलं. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली, ताप आहे तोवर पेज द्या म्हणाले आणि भरतीबरोबर परत गेले.

ताप चौथ्या दिवशी उतरला. पेज मात्र उतरली नाही.

आता इथं त्या गावाची एक रीत सांगायला हवी. कुणाला जखम झाली, की त्या माणसानं तोंडावर ताबा ठेवायचा. मासळी खाल्ली की पू होतो, डाळ खाल्ली की पू होतो, अंडं तर विचारूच नका, आणि आंबट म्हणजे साक्षात वैरी. खायची ती फक्त भाताची पेज, तीही अळणी. मग एवढं सगळं चांगलंचुंगलं जायचं कुठं? तर जखमेवर. रोज एका घरची वाटी यायची. कुणी लोणी आणायचं, कुणी दुधाची साय, कुणी फेटलेलं अंडं, कुणी तुपात कालवलेली हळद. सगळं त्या बिचाऱ्या जखमेवर थापलं जायचं. आत्याच्या घोट्यानं सहा महिन्यांत जेवढं लोणी खाल्लं, तेवढं तिच्या भावानं जन्मात खाल्लं नसेल.

आणि गावाला याचा केवढा अभिमान. पथ्य कसं पाळावं ते आत्याकडे बघून शिका, असं बायका आपापल्या घरी सांगत. खरं सांगायचं, तर तो अभिमान आत्यालाही झाला होता. शेजारी मासळीचं कालवण उकळत असलं, की ती वाटीतली पेज अगदी सावकाश पिई, म्हणजे बघणाऱ्याला नीट दिसावं.

पण जखम काही कौतुकानं भरून येईना. चिंचोक्याची बोराएवढी झाली, बोराची पिंपळपानाएवढी. वर पांढुरकी, बुळबुळीत, आणि सारखी पाझरणारी. आत्या काठीसारखी वाळली. परसदारी जाऊन यायची तर मधे दोनदा बसावं लागे. बांधावर गावानं तिघांना पाळीपाळीनं पाठवून पाहिलं. पण त्यांच्या तळव्यांना काय कळणार? एकाला सगळाच बांध गार लागायचा आणि दुसऱ्याला कुठंच काही लागायचं नाही.

शिमगा झाला आणि पाटील घरी आले. भला माणूस होता. पायाकडे न बघता बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, की श्रावणातल्या पौर्णिमेला वर्षातलं सर्वांत मोठं उधाण येतं, हे आत्याला सांगायची गरज नाही. तोवर ती चालू लागली तर प्रश्नच नाही. नाही लागली, तर काठी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल, गावाचा नाइलाज आहे.

आत्या "बरं" म्हणाली. पाटील गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून निजली. काठी गेली तर आपण उरतो काय, फक्त एक दुखरा पाय, असं तिला वाटलं आणि ती पोटभर रडली. तेवढंच काय ते तिनं त्या सहा महिन्यांत पोटभर केलं.

दुसऱ्या दिवशी तिला घरात बसवेना. भावजयीच्या खांद्याचा आधार घेत ती बांधाच्या टोकापर्यंत गेली आणि तिथल्या दगडावर टेकली. भावजय शेण आणायला पुढे गेली. समोरच चार माणसं एक भोक बुजवत होती. बुजवत कसली, वरून ओला चिखल थापत होती. आत्यानं थोडा वेळ पाहिलं आणि मग तिला राहवेना.

"अरे, वरून काय लिंपताय?" ती ओरडली. "पोट रिकामं ठेवून वर किती चिखल थापाल? उद्याच्या भरतीला धुऊन जाईल सगळा. आधी कुजकं खणून काढा. मग आत चिकणमातीचे गोळे भरा, ठोकून बसवा. लिंपण सर्वांत शेवटी."

माणसं वरमली. त्यांनी भोक खणून मोठं केलं, आतली सडकी माती उपसली, गोळ्यावर गोळा ठोकून बसवला, वरून हात फिरवला आणि कामाची अवजारं उचलून चौघं निघून गेले.

"बोललीस ते बरोबर," दगडाखालून आवाज आला. "माझं घर मोडलंस, पण बोललीस ते बरोबर."

एक खेकडा बाहेर आला. त्याची एक नांगी दांडगी होती आणि दुसरी कोवळी, अर्ध्या मापाची. खेकडा बोलला याचं आत्याला फारसं नवल वाटलं नाही. तीस वर्षं ज्याला शिव्या घालाव्यात, तो कधीतरी उत्तर देणारच.

त्यानं आत्याच्या पायाकडे पाहिलं. "ही खांड, हे भगदाड, कधीचं?"

"भाद्रपदातली."

"आत भर काय घातलीस?"

"पेज," आत्या म्हणाली.

"पेज म्हणजे?"

"भाताचं पाणी."

खेकड्यानं डोळ्यांचे देठ लांब करून जखम जवळून पाहिली. मग त्यानं विचारलं, "आणि वर काय थापतेस?"

आत्यानं सांगितलं. लोणी, साय, अंडं, तूप. सांगता सांगता तिचा आवाज आपोआप लहान होत गेला.

"म्हणजे भर बाहेर आणि पाणी आत," खेकडा म्हणाला. "तू बांधवाली ना गो? बांधाला असं केलं असतंस, तर तुला कुणी ठेवली असती काय?"

आत्याला असा राग आला, की काठी हातात असती तर तिनं त्याला तिथंच चेचलं असतं. काठी घरी होती. खेकड्यानं आपली कोवळी नांगी वर केली.

"ही बघ. गेल्या साली एका बगळ्यानं मोडली. मी काय केलं असेल? खाल्लं. मासळीची मुंडकी, शेवाळ, शिंपल्यातलं मांस, दिसेल ते. नांगी आभाळातून पडत नाय. खाल्लेल्यातूनच फुटते."

एवढं बोलून तो तिरका तिरका चालत पाण्यात गेला. आत्या बसून राहिली. सहा महिन्यांचं पथ्य तिच्या डोळ्यांपुढून गेलं, लोकांच्या शाबासक्या गेल्या, शेजारच्या कालवणाचा वासही गेला. आधी तिला लाज वाटली. मग तिला हसू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. भावजय शेणाची पाटी घेऊन परत आली तेव्हा तिला वाटलं, ताप डोक्यात गेला.

घरी पोचल्यावर आत्यानं पहिली गोष्ट केली ती वैद्यांना बोलावणं धाडलं. खेकड्याचं ऐकून पाय त्याच्या हवाली करण्याइतकी ती खुळी नव्हती.

वैद्य दुसऱ्या दिवशीच्या भरतीला आले. त्यांनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. काय खाता, असं त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, तुम्ही सांगितलंत तेच.

"मी ताप असेपर्यंत म्हणालो होतो," वैद्य म्हणाले. "तीन-चार दिवस. तुम्ही सहा महिने पेजेवर आहात?"

भाऊ आढ्याकडे बघत होता. वैद्यांनी थोडा वेळ डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, की चूक माझीही आहे, रोग्याला सोडून गेलो तो परत बघायला आलो नाही. आणि ते आत्याच्या समोर मांडी घालून बसले.

"नीट ऐका. नवं मांस अन्नातूनच होतं, लेपातून होत नाही. शिवाय ही जखम पाझरते, म्हणजे तुमच्या अंगातली ताकद रोज तिच्यातून वाहून जाते आहे. धडधाकट माणसापेक्षा तुम्हाला जास्त खायला हवं, कमी नाही."

मग त्यांनी काय काय खायचं ते सांगितलं. रोज मासळी, नाहीतर अंडी. दोन्ही वेळा डाळ, वालाची म्हणा, मुगाची म्हणा. दूध, दही. हिरवा पाला. तिळाची चटणी, नाचणीची भाकरी. आणि आंबट तर हवंच, लिंबू, कैरी, पेरू, जे ज्या ऋतूत मिळेल ते. पाणी भरपूर. जखमेवर काहीही थापायचं नाही. उकळून निववलेल्या पाण्यानं ती धुवायची, स्वच्छ फडकं ठेवायचं. त्यांनी पावलावरची नाडी चाचपून पाहिली आणि बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी कशी बांधायची ते भावजयीला करून दाखवलं. बसायचं तेव्हा पाय उशीवर, हेही बजावलं. पट्टी आणि जेवण, दोन्हीतलं एकही सोडलं तर मला बोलावू नका, असं म्हणून ते होडीत बसले.

वैद्य गेले आणि भावजय रडायला लागली. सहा महिने तिनं चुलीवर वेगळी पेज शिजवली होती, नणंदेसाठी सोमवार धरले होते.

"वन्सं, माझ्या हातून नको," ती म्हणाली. "उद्या काय बरंवाईट झालं, तर गाव म्हणेल, भावजयीनं घातलं."

"तू शिजव, मी खाते," आत्या म्हणाली. "गाव काय म्हणायचं ते मला म्हणेल."

त्या दुपारी घरात बोंबलाचं कालवण झालं. आत्यानं पहिला घास तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखटानं आलं असं ती म्हणाली. पण आटून गेलेल्या पोटात चार घासांच्या वर काही जाईना. मग भावजयीनं युक्ती काढली. दोन वेळांच्या जेवणाची तिनं पाच केली, थोडं थोडं, पण सारखं. सकाळी अंडं, मग ताक, दुपारी भाकरी आणि मासळी, उन्हं कलली की तीळगूळ, तिन्हीसांजेला वरण. आठ दिवसांत चार घासांचे दहा झाले आणि पंधरा दिवसांत आत्या ताट पुसून खाऊ लागली.

इकडे गावाच्या वाट्या येतच होत्या. एका सकाळी शेजारीण फेटलेलं अंडं घेऊन आली. आत्यानं ते भावजयीकडे दिलं, भावजयीनं तव्यावर टाकलं, आणि आत्यानं शेजारणीच्या डोळ्यांदेखत मीठमिरी घालून खाल्लं. शेजारीण रिकामी वाटी घेऊन बाहेर पडली ती थेट विहिरीवर गेली, आणि दुपारपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता.

तिसरा आठवडा संपला आणि जखमेचा रंग पालटला. पांढुरका थर गेला आणि तळाशी लालभडक दाणे दिसू लागले. पट्टी बदलताना कुणीतरी डोकावून पाहिलं आणि चिघळली, चिघळली, अशी हाकाटी गावभर झाली. अंगणात माणसं जमली. मासळीनं केलं, एकजण म्हणाला. कैरीनं केलं, दुसऱ्यानं सांगितलं. शेजारणीनं अंड्याचं नाव घेतलं. वैद्य पलीकडच्या काठावर, आणि खाडीला ओहोटी. पाटलांनी हात जोडले आणि आत्याला पुन्हा पेजेवर यायला सांगितलं. त्यांच्या मागं भावजय उभी होती, तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

आत्याच्या मनातही शंका आली. खेकडा चुकला असेल तर? वैद्यही चुकले असतील तर? तिनं खाली वाकून जखमेकडे पाहिलं, तीस वर्षं जशी भोकातली माती पाहत आली होती तसंच.

"मेलेली माती कशी असते ते मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पांढुरकी, बुळबुळीत, वास मारणारी. माझी जखम सहा महिने तशीच होती, तेव्हा तुम्ही कुणी घाबरलात नाय. आता तिला वास नाय, ठणका नाय, रक्ताचा रंग आलाय. आणि आता घाबरलात?"

तिनं स्वच्छ फडकं उचलून जखमेवर ठेवलं.

"श्रावणातल्या उधाणापर्यंत मला जेवू द्या. त्या दिवशी मी चालले नाय, तर काठी घ्या आणि पेज द्या. मी हूं की चूं करणार नाय."

पाटलांनी मान डोलावली. दोन दिवसांनी वैद्य आले, त्यांनी जखम पाहिली आणि आत्याला म्हणाले, हेच तर मला बघायचं होतं. गावानं ते ऐकून घेतलं, पण पुरतं मानलं असं काही म्हणता येणार नाही.

चैत्र गेला. पिंपळपानाएवढ्या जखमेच्या कडा आत ओढल्या जाऊ लागल्या. वैशाखात आत्या करवंदांची पाटी शेजारी घेऊन पाय उशीवर ठेवून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम हाक मारून करवंदं द्यायची. ज्येष्ठात जखम बोराएवढी उरली. तेव्हा तिला जरा शेफारल्यासारखं झालं, ती उगाच खाडीपर्यंत चालत गेली, दिवसभर उभी राहिली आणि कड पुन्हा उकलली. वैद्यांनी असं फैलावर घेतलं, की पुढचे आठ दिवस ती गुपचूप पाय वर करून बसली. आषाढात जखम चिंचोक्याएवढी झाली. आषाढ सरता सरता एका सकाळी भावजयीनं पट्टी सोडली तर फडकं कोरडं होतं. जखमेच्या जागी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ गुलाबी कातडी आली होती. भावजयीनं त्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि ती तिथंच आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. या वेळचं रडणं वेगळं होतं.

श्रावणी पौर्णिमा आली. तीन दिवस पाऊस कोसळत होता आणि वारा समुद्राकडून होता. भरती दुपारची. सारा गाव बांधावर गोळा झाला होता. आत्या चालली नाही तर ज्याला काठी द्यायचं ठरलं होतं तो दांडगा गडी, त्या दिवसापुरती काठी मागून घेऊन, सकाळपासून दोनदा फिरून आला होता आणि त्यानं पाटलांना सांगितलं होतं, बांध पक्का आहे, कुठं काही नाही.

तेवढ्यात आत्या आली. गुडघ्यापर्यंत पट्टी, पावलं उघडी. आपल्या पायांनी आली, कुणाच्या खांद्याला हात न लावता. तिनं त्या गड्यासमोर हात पुढं केला आणि त्यानं मुकाट्यानं काठी दिली.

ती चालू लागली. पावसात सगळीच माती गार लागते, तेव्हा गारव्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण आत पाणी पळत असलं, की माती बारीक थरथरते. ते थरथरणं कळायला प्रत्येक पावलावर थांबावं लागतं, सगळं वजन एका पायावर पेलून उभं राहावं लागतं. शिमग्यात हीच आत्या परसदारी जाताना दोनदा बसत होती. आज ती अर्धा कोस अशी पाऊल पाऊल चालली. मागून गाव चाललं होतं, आणि पाणी चढत होतं.

खाडीच्या वळणावर ती थांबली. डावा पाय टेकला, उजवा टेकला, पुन्हा डावा. काठी रोवली.

"इथं."

पाटील पुढे आले. बांध वरून सुरेख दिसत होता, गवतसुद्धा हललं नव्हतं. भरती चढत असताना बांध खणायचा म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. आत भोक नसलं, तर आपण आपल्याच हातानं समुद्राला दार उघडून देणार होतो. तो गडी पाटलांच्या कानाशी लागून म्हणाला, की बाई सहा महिने अंथरुणाला खिळलेली, तिच्या तळव्यांचं काय घेऊन बसलात.

पाटलांनी आत्याकडे पाहिलं. "आत्या, खात्री हाय?"

"माझ्या पायाला हाय," आत्या म्हणाली.

पाटलांनी फावडं स्वतःच्या हातात घेतलं. पहिल्या घावाला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. पाचव्या घावाला माती खचली आणि आत हंडा मावेल एवढी पोकळी दिसली, तळाशी पाणी खळखळत होतं. वरची हातभर माती तेवढी उभी होती. ती आणखी तासभरसुद्धा टिकली नसती.

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायका-पुरुषांची रांग लागली, चिकणमातीच्या पाट्या हातोहात येऊ लागल्या. कुजकं बाहेर काढा, आत्या सांगत होती. आता गोळे. ठोका, आणखी ठोका. तो दांडगा गडी पोकळीत उतरून छाती फुटेपर्यंत ठोकत होता. पाणी बांधाच्या खांद्याला लागलं तेव्हा शेवटचा गोळा बसला आणि आत्यानं वरून आपल्या हातानं लिंपण केलं.

पाणी आणखी चढलं. माथा वीतभर उरला. आत्या त्याच जागी दोन्ही पाय रोवून उभी होती, आणि तिच्या तळव्यांखाली माती शांत होती. मग पाण्याच्या कडेला फेसाची एक ओली रेघ उघडी पडली. पाणी बोटभर खाली गेलं होतं. भरती परतली.

एकच गलका झाला. ढोल कुणी आणला होता कुणास ठाऊक, पण तो वाजायला लागला. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. गडी चिखलानं माखलेला तसाच पुढे आला आणि त्यानं आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं. पाटलांच्या डोळ्यांतलं पाणी पावसात मिसळून गेलं. चौघांनी आत्याला खांद्यावर उचललं आणि मिरवायला निघाले, तशी वरून ती काठीनं त्यांची डोकी ठोकायला लागली.

"खाली ठेवा मला," आत्या म्हणाली. "अर्धा कोस चाललेय. भूक लागलीय. आधी जेवायला वाढा."

त्या दिवशी गावानं बांधावरच पंगत मांडली. आत्याच्या पानात पहिली वाढणी भावजयीनं केली, दुसरी त्या शेजारणीनं. कार्तिकात शेतं सोन्यासारखी पिकली. आणि त्यानंतर त्या गावात कुणाला जखम झाली, की शेजारीपाजारी अजूनही वाट्या घेऊन येतात, पण त्या रोग्याच्या पानात रिकाम्या होतात.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: जखम बाहेरून जपावी लागते, पण ती भरून येते आतूनच, म्हणून दुखणाईताला उपाशी ठेवू नका, त्याला चौरस जेवण द्या.